तिसरा गुरुवार

टाळ थांबले. सभेचे चालक जानराव म्हणाले, "आता खुशालरावांचं पद. आज तिसरा गुरुवार." पार्बताबाईनं पदर कमरेला खोचला.

"उठशीन ना वं?" शेजारच्या मैनाबाईनं हळूच विचारलं. "का गुडघे दुखून राहिले आज?"

"आज नाही दुखत. उठालेच तं आली."

तेल्हाऱ्याच्या त्या सत्संग सभेचा नेम साधा होता. नव्या कवीचं पद तीन गुरुवार सगळ्यांसमोर गायचं. ऐकणारे शेवटपर्यंत बसले, तर अमरावतीला छापून वऱ्हाडाच्या चारही जिल्ह्यांतल्या भजनी मंडळ्यांना धाडायचं. गाणं चालू असताना एक माणूस जरी उठला, तरी पद बाद. माणसाला जागेवर धरत नाही तो शब्द देवाला काय धरणार, असं जुने लोक म्हणत.

नऊ वर्षांमागे पार्बताबाईच्या नवऱ्याचं, नत्थुजी माळ्याचं पद असंच तिसऱ्या गुरुवारी चाललं होतं. फुलांना पाणी देता देता जोडलेलं. एक कडवं उरलं होतं. तेवढ्यात खुशालराव पाटील उठले आणि कोणाकडे न बघता बाहेर गेले. नत्थुजीनं घरी येऊन एकतारी खुंटीला टांगली, ती टांगलीच. दोन वर्षांनी तो गेला. त्यानंतर बाईनं सभेचा एक गुरुवार चुकवला नाही. लोक म्हणत, काय भक्ती आहे. ती फक्त खुशालराव पद कधी देतात याची वाट पाहत होती.

टाळकऱ्यांनी पद सुरू केलं. लगेच उठायचं नाही, हे तिनं ठरवलंच होतं. आधी त्याला आशा लागू द्यायची. समोर खुशालराव मान खाली घालून बसले होते. त्यांची बोटं मांडीवर ताल धरत होती. धर, ती मनात म्हणाली, अजून थोडा धर.

शेवटचं कडवं आलं.

घर झाडुनिया देवा, तुझी वाट पाही ।
गेल्या माणसाचा गंध अजुनी जात नाही ॥

उठण्यासाठी जमिनीला टेकलेला हात तसाच राहिला. नत्थुजीची घोंगडी तिनं सात वर्षं धुतली नव्हती. आपण कशासाठी आलो होतो, याचाच तिला विसर पडला. डोळे वाहू लागले, आणि नेमकी खुशालरावांनी मान वर केली. या माणसाच्या शब्दांनी आपल्याला रडवलं, हे यालाच दिसावं? त्यापेक्षा मरण बरं. तोंडाला पदर लावून ती उठली आणि दाराबाहेर गेली.

गाणं मध्येच तुटलं.

"बाद," जानराव म्हणाले.

"फेडलं माय पार्बतानं," मैनाबाई पुटपुटली.

पार्बताबाई पायरीवर पाठमोरी उभी होती. मागून खुशालराव आले.

"पुसा डोये, पार्बताबाई," ते म्हणाले. "नत्थुजीच्या पदाले मीही असाच उठलो होतो. पाटील माळ्याच्या पदाले रडला, हे लोकाइले दिसाले नको म्हनून."