सहा मिलिबार

"काटो बघून इलंस मां?" होडीत शिडाशी बसलेल्या गुरुदासने तिसऱ्यांदा विचारलं.

"बघलंय. कालच्याच जाग्यार आसा. एक हजार तीन," सुकाणू न सोडता बाबली म्हणाला. "त्यात सहा मिळव, एक हजार नऊ. घाबरतंस कित्याक?"

"सहा कसले?"

"घरातली गोष्ट ती."

आचऱ्याचा किनारा मागे बोटभर उरला होता. वारा शिडात मावत नव्हता. दक्षिणेकडून लांब, जड लाट येत होती. गुरुदासला ती आवडली नाही. खरं तर बाबलीलाही नाही. पण मोबाइलवरच्या अंदाजात वादळ परवा येणार होतं, तेही गोव्याच्या खाली, आणि घरचा काटा तर हललाच नव्हता.

बाबलीच्या ओटीवर बापाने आणलेला पितळी बॅरोमीटर होता. काटा उतरला की वादळ आलं समजायचं. बंदरावरच्या फळ्यावर हवेच्या दाबाचा आकडा लिहीत. तो बघून मागच्या स्क्रूने काटा जुळवायचा. पण गेल्या वर्षी बाबलीच्या हृदयात स्टेंटची स्प्रिंग बसली आणि काटा कायमचा खाली राहू लागला. दोन-तीनदा तो घाबरून घरी बसला. मग एक दिवस त्याने फळ्याशी ताडून पाहिलं. बरोबर सहाचा फरक. स्क्रूवर ताजा ओरखडा, आणि बायकोच्या शिलाई मशीनचा स्क्रू-ड्रायव्हर बॅरोमीटरच्या मागेच विसरलेला.

हौसाबाईला तो काही बोलला नाही. बायकोचा जीव टांगणीला लागलाय, तिला तोंडघशी कशाला पाडायचं? काटा त्याने तसाच ठेवला. रोज मनातल्या मनात सहा मिळवायचे आणि होडी लोटायची. आपल्या हुशारीवर तो बेहद्द खूश होता.

फोन वाजला. हौसाबाई.

"अवो, मागे फिरा. मी आता बघलंय, काटो खाली इलो."

बाबली हसला. "माका ठावक आसा गो. वरसभर तूच तो सहान खाली ठेवतंस. मी सहा मिळवून बघतंय."

हौसाबाई पलीकडून ओरडलीच.

"काटो खाली बघूनय तुमी जावक लागलात. माका वाटला, तुमचो त्येच्यारचो विश्वासच उडालो. उद्या खरोच उतरलो तरी तुमी ऐकूचा नाय. म्हणान काल सांजेक फळ्यावरचो आकडो बघून मीच तो परत बरोबर लावलंय."

बाबलीने सुकाणू किनाऱ्याकडे वळवलं.

"गुरुदास, शीड उतरय. इंजिन चालू कर."

काटा कालच्याच जागी होता. पण एका रात्रीत सहा उतरून तिथे आला होता.