विनोदमामाचे नवे स्पीकर

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि एक जुनी, दोनच सीटांची लाल स्पोर्ट्स कार मनात आणा. विनोदमामाने तिला नुकतेच नवे स्पीकर आणि डिकी भरून वूफर बसवले होते. शेजारी ऐटीत बसलेल्या त्याच्या भाचीने, गुड्डीने, तुमसरच्या रस्त्यावर, धानाची रोवणी चालली होती तिथेच गाडी थांबवायला लावली. दोन्ही दारं उघडली आणि आवाज पार शेवटपर्यंत वाढवला. बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, बाया हातात रोपं घेऊन उभ्याच राहिल्या. आपले स्पीकर ऐकायलाच थांबल्या, असं वाटून गुड्डी फुलून गेली.

“कसा हाये आवाज, मालनमावशी?” तिने ओरडून विचारलं.

“लय भारी हाये वं बेटी,” मालनबाई हसून म्हणाल्या. “पण आमचं गाणं आमालेच आयकू नाही येऊन राहिलं. गाण्याच्या तालावरच त हात चालतेत आमचे. तुमचं झालं का सांगजो, मंग रोवतो.”

गुड्डीचे कान तापले. तिने गाडीतलं गाणं बंद केलं, पण बांधीत कोणीच पुन्हा सुरुवात करेना. मग ती चपला काढून, खाली मानेने चिखलात उतरली आणि हळूच म्हणाली, “मावशी, कोणत्या ओळीवर तुटलं गाणं?”