डचची हॅट पडत नाही

गाडी थिएटरसमोर थांबली तेव्हा वेंडेल क्राउझ फुटपाथवर तासाभरापासून येरझारा घालत होता. गाडीतून आधी पांढऱ्या केसांचा भलाथोरला अंबाडा घातलेली एक ठेंगणी बाई उतरली. तिला वळसा घालून वेंडेल पलीकडच्या दाराशी धावला आणि उतरणाऱ्या उंच म्हाताऱ्याचा हात त्याने दोन्ही हातांत धरला.

"मि-मिस्टर पेटिग्रू! आलात!"

म्हातारा काही बोलणार, तेवढ्यात बाईने त्याच्या हातात बॅग दिली.

"आलो बाबा," तो म्हणाला. "पाच तास गाडी चालवून कंबरडं मोडलं."

नेब्रास्कातल्या या एवढ्याशा गावात सिनेनट डच हॅलवर्सन जन्मला, हेच गावाचं मोठेपण. पडद्यावर कुणापुढे न नमलेला हा गडी जाऊन तीस वर्षं झाली, तरी दर जूनमध्ये त्याचा जुना सिनेमा लागतो आणि थिएटरात पाय ठेवायला जागा उरत नाही. कारण एकच, ती उडी. घंटाघराच्या टोकावरून डच थेट खाली चाललेल्या गवताच्या गाडीत उडी घेतो आणि डोक्यावरची हॅट तसूभरही हलत नाही. गारांनी मका झोपला, कुणाचं लग्न मोडलं, की इथे लोक पाठीवर थाप मारून म्हणतात, "डचची हॅट पडत नाही!"

मरण्याआधी डचने एका मुलाखतीत कबूल केलं होतं, 'ती उडी माझी नव्हे, जे. पेटिग्रूची.' वेंडेल अकरा वर्षं त्या नावाचा माग काढत होता. शेवटी वसंतात दोन ओळींचं पत्र आलं. 'ती उडी मी मारली. सिनेमाच्या शनिवारी दोघं येऊ. जे. पेटिग्रू.'

वेंडेलला फक्त आभार मानायचे होते. नऊ वर्षांचा असताना तो इतका तोतरा होता, की शाळेत तोंड उघडलं की पोरं फिदीफिदी हसायची. मग त्याने ती उडी पाहिली. दुसऱ्याच दिवशी रेल्वेच्या पुलावरून त्याने खाली नदीत स्वतःला झोकून दिलं. घोटा मोडला, पण त्यानंतर त्याला हसायची कुणाची छाती झाली नाही. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आज तो सगळ्या गावासमोर सांगणार होता, न अडखळता.

जेवणाच्या टेबलावर मात्र त्याचा धीर खचू लागला. गावचा न्हावी ल्यूथर समोरच बसला होता. त्याचं ठाम मत होतं की डचने उडी स्वतःच मारली आणि मुलाखतीत उगाच विनय दाखवला.

"काय हो, उडीच्या वेळी काय वाटलं?" त्याने विचारलं.

"पोटात गोळा आला," म्हातारा म्हणाला. "मी तर डोळेच मिटून घेतले."

 बाई इतकी हसली, की कॉफी सांडली. मग तिने चेरी पायचा दुसरा तुकडा मागून घेतला.

"तुमच्यासाठी बाल्कनीत पहिल्या रांगेत खुर्ची ठेवलीय," वेंडेल घाईने म्हणाला.

"बाल्कनी नको रे बाबा. उंची मला सोसत नाही. स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी हातपाय कापतात."

ल्यूथर वेंडेलच्या कानाशी लागला. "डचचे बूट आपल्या गावच्या संग्रहालयात बघितलेस ना? सातवीतल्या पोराला बसतील. या ताडमाडाला डच म्हणून कोण उभं करेल? वेंडेल, तुला कुणीतरी छान टोपी घातलीय."

वेंडेलने ताट बाजूला सारलं. अकरा वर्षं शोधून हा बहाद्दर हाती लागला होता!

सिनेमा सुरू झाला. घंटाघर आलं, उडी आली, आणि सारं थिएटर एका सुरात ओरडलं, "हॅट पडत नाही!" वेंडेलही ओरडला. दरवर्षीसारखे त्याच्या अंगावर शहारे आले. तेव्हाच त्याने ठरवलं, माणूस खोटा असेल, उडी तर खोटी नाही ना. दिवे लागताच तो स्टेजवर चढला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. तोतरेपण, पूल, मोडलेला घोटा. एकदाही जीभ अडखळली नाही. पुढच्या रांगेतल्या बायका रुमाल काढून बसल्या.

"ज्या कुणी ती उडी मारली," तो शेवटी म्हणाला, "त्या माणसाचा हात मला एकदा हातात घ्यायचाय. मिस्टर पेटिग्रू, आता खरं सांगा. ते तुम्ही होतात?"

म्हातारा सावकाश उभा राहिला.

"नाही बाळा. मी खाली गवताची गाडी हाकत होतो."

"बघा! मी काय सांगत होतो?" ल्यूथर जाग्यावरून उसळला. थिएटरात एकच गलका झाला.

म्हातारा मात्र खुशीत हसत होता. "सकाळपासून सांगायला बघतोय, पण ही बोलू देईल तर शपथ. म्हणते, बघू तरी, कुणी विचारतं का."

त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. ती बाई स्टेजच्या पायऱ्या एकेक सोडून चढत होती. वर येऊन तिने वेंडेलचा हात आपल्या हातात घेतला आणि चांगला घट्ट दाबला.

"अहो, पण मग हॅट?" ल्यूथर ओरडला. "एवढ्या उंचीवरून हॅट कशी पडली नाही?"

बाईने मोकळ्या हाताने अंबाड्यातल्या दोन लांब पिना उपसल्या. पांढरीशुभ्र वेणी सळसळत कमरेखाली आली.

"पडेल कशी?" ती म्हणाली. "ही सगळी हॅटच्या आत कोंबलेली होती ना!"