लाइनची चाचणी

शेजारच्या गावच्या शाळेत सरकारी इंटरनेट आलं, पडद्यावर शहरातले सर शिकवू लागले आणि तिथल्या मास्तरांच्या हातात नारळ पडला. त्यामुळे आमच्या भिंतीला केबलसाठी भोक पाडलं, तेव्हा लाइन जोडायला आलेल्या सरकारी साहेबांना मी विचारलंच, "आता माझीही नोकरी जाणार का?" या शाळेत मी एकटीच बाई.

साहेब हसले. "उगाच धसका घेता, बाई! तुमच्या पोरांना तुमच्याशिवाय दुसरं कुणी शिकवणार नाही, शब्द देतो. आता लाइनची चाचणी म्हणून या कॅमेऱ्यासमोर जरा शिकवून दाखवा."

माझा जीव भांड्यात पडला. लाइन मात्र काही केल्या जमेना. साहेब रोज "अजून एक धडा घ्या" म्हणायचे आणि मी बापडी घेत राहिले. पुस्तक संपलं, त्याच दिवशी लाइनही सुरळीत झाली.

सोमवारी शाळेच्या पायरीवर पाय ठेवला आणि तिथेच थिजले. वर्गातून माझाच आवाज येत होता.

दारातून डोकावत मी कसंबसं विचारलं, "पोरांनो, हे काय चाललंय?"

पुढच्या बाकावरच्या चिमीनं पडद्यावरची नजरही न हलवता तोंडावर बोट ठेवलं.



"श्श! बाई शिकवतायत."