रांगेतला दगड
इबोलाच्या वर्षी लायबेरियातल्या मतदानाच्या रांगेत एका माणसाच्या जागी दगड होता. तो परिचारिका बेंदूचा. एकवीस दिवसांच्या विलगीकरणातून ती संध्याकाळी सुटणार होती. रांग हलली की मागचे वार्नीबाबा तो पायाने पुढे सरकवत. “बाबा, दगडही मत देणार का?” कोणीतरी चिडवले. “सगळं गाव पळालं, तेव्हा माझ्या म्हातारीच्या उशाशी कोण बसलं होतं रे? तू?” दगड दाराशी पोहोचला, तरी बेंदू आली नव्हती. बाबांनी दगडासकट बाजूला सरून मागच्यांना वाट दिली. अंगण रिकामे झाले. “आजोबा, सहाला दार बंद होईल, तुमचं मत तरी टाका,” अधिकारी म्हणाला. बाबा हलले नाहीत. पाच मिनिटे उरली असताना बेंदू धापा टाकत आली. “बाबा, तुमचं झालं मतदान?” “कसं होईल, पोरी? माझा नंबर तुझ्यामागे.”