उपाध्यक्षपदाची कुजबुज

"शेवडेबाई तुला उपाध्यक्षपदाला उभं करणार म्हणे," वाचनालयात माझ्यासमोर बसत विश्राम म्हणाला. "गावभर तेच चाललंय."

वाचनालयाच्या अध्यक्षपदासाठी विश्राम आणि शेवडेबाई एकमेकांविरुद्ध उभे होते. मी विश्रामच्या पॅनेलचा, म्हणजे तेवीस वर्षं त्याची प्रचारपत्रकं लिहून देणारा. विरोधी पॅनेलला माझं नाव सुचेल, यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

"मला कुणी विचारलेलं नाही," मी म्हणालो.

"आणि विचारलं तर?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ही अफवा कानावर आल्यापासून मी घरी नव्या पुस्तकांच्या खरेदीची यादी करत बसलो होतो. मिटिंगमध्ये कसं बोलायचं, तेही आरशासमोर बोलून पाहिलं होतं.

"हो म्हणेन." आवाज इतका बारीक निघाला, की विश्रामनं कान पुढे केला आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"एवढ्या वर्षांत मला का नाही बोललास?"

"तू विचारलं नाहीस."

विश्राम उठून पायांनी चपला चाचपू लागला. "बाईंना सांगून येतो. तुझ्याच्यानं व्हायचं नाही, आणि अर्ज भरायची मुदत उद्या संपतेय."

दारापर्यंत जाऊन तो वळला.

"त्यांच्या पॅनेलमधून खुशाल निवडून ये. पण अध्यक्षपदाचं मत मात्र मलाच दे रे."