मागचं उजवं चाक

“मागचं उजवं,” बायको ऑफिसच्या खिडकीतून म्हणाली.

कानसेनच्या हातातला पाना हातातच राहिला. डॉक्टरांची गाडी गॅरेजच्या फाटकातून आत येऊन अजून नीट उभीसुद्धा राहिली नव्हती, आणि ही बाई खुर्चीत बसल्या बसल्या, एका कानाला फोन लावून, चाक सांगून मोकळी!

डॉक्टर खाली उतरले. दातांचे डॉक्टर. “ब्रेक लावला की किंचाळते हो. दिवसभर लोकांच्या दातांत मशीन घालतो मी, पण हा आवाज माझ्याच्यानं ऐकवत नाही. वहिनी म्हणतात तेच चाक असेल ना?”

वहिनी म्हणतात! पंचवीस वर्षं या आवारात एकच कान होता. काहीही वाजू दे, गाडी समोरून एकदा गेली की दुखणं सांगायचा. कानसेन हे नाव लोकांनीच दिलं होतं, त्यानं काही पाटी लावून मागितलं नव्हतं. पण गेलं वर्षभर तेच लोक आधी खिडकीपाशी थांबायला लागले होते. “वहिनी, जरा ऐका हो.” आणि वहिनी ऐकायच्या. वर त्यांचं बरोबरही निघायचं. एखाद्या परक्या माणसाचं निघालं असतं तर कानसेननं खुल्या दिलानं पाठ थोपटली असती. पण बेअरिंग कशाला म्हणतात हेसुद्धा जिला त्यानं शिकवलं, तिचं? सख्ख्या बायकोवर जळतो म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली की तो आणखी जळायचा.

“तिला काय कळतंय! पुढचं डावं आहे,” तो म्हणाला. “अर्ध्या तासात देतो.”

“अहो, पण...”

“तू फोन घे.”

खरं सांगायचं तर गाडी आत येताना त्याला काही ऐकूच आलं नव्हतं. पण पलीकडे ग्राइंडर चालू होता. शिवाय डॉक्टर मंडळी जरा नाजूकच. आणि असल्या तक्रारी दहातल्या नऊ वेळा पुढच्याच चाकांच्या असतात, हे त्याला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं.

त्यानं जॅक लावला, चाक काढलं आणि त्याचा चेहरा उजळला. ब्रेकपॅड घासून काचेसारखे गुळगुळीत झाले होते. “हे बघा डॉक्टर!” तो नको इतक्या मोठ्यानं ओरडला. खिडकीपर्यंत पोचायला हवं होतं. “एवढं चकचकीत झाल्यावर बोंबलणार नाही तर काय करेल?” पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड त्यानं बदलले, डिस्क पुसली, बोल्ट आवळले. शीळ घालत आवळले. कित्येक महिन्यांत त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

आवारात दोन चकरा मारून त्यानं ब्रेक लावून पाहिला. शांत! मग गाडी मुद्दाम फाटकाबाहेर नेली, जोरात आत आणली आणि बरोबर खिडकीखाली ब्रेक दाबला. कोपर बाहेर काढून त्यानं ऐटीत विचारलं, “काय? गेला की नाही?”

डॉक्टरांचा एक हात कानावर होता. पत्रा ठोकणारा कारागीर हातोडा खाली ठेवून बघत होता. भिंतीवर झोपलेलं मांजर पलीकडे उडी मारून गेलं होतं.

“गेला,” बायको म्हणाली. “एकदम गेला. डॉक्टर, गाडी संध्याकाळपर्यंत राहू द्या. धुऊन देतो.”

डॉक्टरांनी काही बोलायला तोंड उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि मिटलं. मग ते कानसेनकडे वळून म्हणाले, “हो हो, राहू द्या! काही घाई नाही!” म्हाताऱ्या पेशंटशी बोलावं तसे, एकेक शब्द सुटा आणि मोठ्यानं.

तेव्हा कानसेनला कळलं. बायको सगळीकडे बघत होती, फक्त त्याच्याकडे सोडून. ती खरं बोलली असती तर त्यानं कडाक्याचं भांडण काढलं असतं. पण ती त्याला चार लोकांत जिंकू देत होती. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

डॉक्टर गेले. त्यानं गाडीचं दुसरं दार उघडलं. “बस.”

“अहो, फोन वाजतोय.”

“वाजू दे. बस म्हणतोय ना.”

मागच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. त्यानं ब्रेक लावला आणि रस्त्याकडे न बघता तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे बारीक झाले, मान त्याच्या खांद्यावरून मागे वळली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. कारखान्यात नवी गाडी तपासावी तसा तो तिचा चेहरा तपासत होता.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“दीडेक वर्ष झालं असेल. आधी वाटलं, तुमचं लक्ष नाही. मग मीच लक्ष द्यायला लागले.” ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “तुमचं कुठं चुकायला नको म्हणून.”

त्याला वाटलं होतं, ती त्याची जागा घेतेय. ती त्याची जागा राखत होती. तरीही जळजळ थांबेना. हे सगळं तिला ऐकू येत होतं, आणि त्याला नाही.

त्यानं इंजिन बंद केलं. “कसा आहे?”

“काय?”

“आवाज. करून दाखव.”

तिनं गल्लीत दोन्हीकडे पाहिलं. मग लाजत लाजत ओठ आवळून एक बारीक सूर काढला.

“असा?”

“याहून बारीक.”

“मग तसा काढ की.”

तिनं सूर वर नेला. आणखी वर. तो तिच्या तोंडाकडे टक लावून बघत राहिला. तिचे ओठ आवळलेलेच होते आणि गळ्याची शीर ताठ झाली होती.

“थांबलीस का?” त्यानं विचारलं.